पहिला प्रश्न बदला

१ एप्रिल २०२६ पासून डिजिटल पेमेंटच्या पडताळणीचे रिझर्व्ह बँकेचे नवे निर्देश लागू झाले. त्याआधी चर्चा एकाच गोष्टीची होती : ओटीपी राहणार की जाणार? ओटीपी गेला नाही. एसएमएसवर येणारा ओटीपी हाच एकमेव मार्ग राहिला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पैसे देणारी व्यक्ती खरी आहे याच्या किमान दोन खुणा लागतात आणि ऑनलाइन व्यवहारात त्यातली एक त्या व्यवहारापुरती नव्यानं तयार झालेली असते. माझं लक्ष मात्र याच निर्देशांतल्या एका छोट्या तरतुदीनं वेधून घेतलं. हे नियम न पाळता झालेल्या व्यवहारात ग्राहकाचं नुकसान झालं, तर बँकेनं ते पूर्ण आणि कुरकुर न करता भरून द्यायचं आहे.

ते वाचलं आणि मला २०१७ सालची दिवाळी आठवली.

वसुबारसेच्या आदल्या रात्री फराळाचं आवरून झोपायच्या तयारीत होते. ११ वाजून ५१ मिनिटांनी मोबाइल वाजला. माझ्या खात्यातून १०,००० रुपये काढल्याचा एसएमएस. मिनिटभरात दुसरा, पुन्हा १०,०००. पर्स उघडली. कार्ड आतच होतं, नेहमीच्या कप्प्यात. काय चाललंय ते कळेपर्यंत बारा वाजून तीन मिनिटांनी तिसरा एसएमएस आला आणि पाठोपाठ चौथा. मी ठाण्यात, कार्ड माझ्या हातात आणि पैसे निघत होते तिकडे दिल्लीतल्या एटीएममधून.

मध्यरात्रीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन वेळा पैसे का काढले, ते मला नंतर समजलं. माझ्या कार्डावर दिवसाला २०,००० रुपयांची मर्यादा होती. तारीख बदलली की मर्यादा नव्यानं सुरू होते. चोरानं बारा मिनिटांत दोन दिवसांची मर्यादा संपवली होती.

बँकेच्या हेल्पलाइनवर ताटकळत असताना माझ्या नवऱ्याला एक गोष्ट सुचली. आम्ही तसेच खाली उतरलो आणि कोपऱ्यावरच्या एटीएममध्ये त्याच कार्डानं मिनी स्टेटमेंट काढलं. चिठ्ठीवर वेळ होती १२.१४. अकरा मिनिटांपूर्वी दिल्लीत असलेलं कार्ड ठाण्यात असूच शकत नाही, हे सांगणारा तेवढा एकच कागद आमच्याजवळ होता. १२.१९ ला कार्ड बंद झालं.

शाखा उघडल्याबरोबर गेले. काउंटरवरच्या बाईंनी माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. पहिला प्रश्न आला, "पिन कुणाला सांगितला होतात का?" नाही म्हटलं. "घरातल्या कुणी काढले असतील. मुलाला विचारलंत का?" माझा मुलगा तेव्हा अकरावीत होता. तो माझ्या शेजारीच उभा होता. चाळीस हजारांपेक्षा त्या प्रश्नानं मला जास्त दुखावलं. आपलं काहीतरी चोरीला गेलंय म्हणून आपण तिथे गेलेलो असतो आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात संशयित होऊन बसतो. ज्यांचे असे पैसे गेलेत, त्यांच्याशी गेल्या आठ वर्षांत खूप बोलले. बँका वेगळ्या, गावं वेगळी, रकमा वेगळ्या. पहिला प्रश्न मात्र सगळ्यांना तोच विचारला गेला होता.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. त्यांनी मला रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाची प्रत काढून दिली आणि एका ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारली. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर राहील, असं त्या ओळीत लिहिलं होतं. म्हणजे मी निर्दोष आहे हे मी दाखवायचं नव्हतं, माझी चूक असली तर ती बँकेनं दाखवायची होती. ते परिपत्रक निघून तेव्हा तीन महिने झाले होते. शाखेत ते कुणी वाचलेलं दिसलं नाही.

त्या परिपत्रकातली विभागणी प्रत्येक खातेदारानं लक्षात ठेवावी अशी आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकानं कळवलं काय, न कळवलं काय, त्याला शून्य भुर्दंड. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, गडबड मधल्या यंत्रणेत कुठेतरी झाली, तर बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्याला शून्य भुर्दंड. चार ते सात कामकाजाचे दिवस लागले, तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत झळ बसते. त्यानंतर बँकेच्या संचालक मंडळाचं धोरण लागू होतं. तक्रार आल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात परत टाकायची आणि नव्वद दिवसांत प्रकरण निकाली काढायचं, हेही त्यात आहे. आणि ग्राहकानं स्वतः पिन किंवा ओटीपी देऊन टाकला असेल, तरी त्याचं नुकसान तो बँकेला कळवेपर्यंतचंच. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून ज्याच्या हातून चूक झाली, त्यानंही लाजेपोटी गप्प बसू नये. त्याच्या दृष्टीनं तर एकेक मिनिट मोलाचं असतं.

परिपत्रकाचा हवाला देऊन मी दुसरा अर्ज केला, त्यावर शिक्क्यानिशी पोच घेतली. पाच आठवड्यांनी पैसे परत आले.

माझा पिन कुणालाही माहीत नव्हता, मग हे झालं कसं? कार्डाच्या मागच्या काळ्या पट्टीत नंबर, मुदत आणि एक ठरलेला कोड असतो. दर वेळी तोच. एटीएमच्या तोंडाशी किंवा हॉटेलच्या गल्ल्यावर लपवलेल्या छोट्या यंत्रातून कार्ड एकदा सरकलं की पट्टीची नक्कल तयार होते. पिन वरच्या बारीक कॅमेऱ्यात टिपला जातो. कार्डावरची सोनेरी चिप याच कारणासाठी आली. ती प्रत्येक व्यवहाराला नवा कोड बनवते, त्यामुळे आजचा कोड चोरून उद्या कामाला येत नाही. पट्टीवाली कार्डं बदलण्यासाठी रिझर्व्ह बँकेनं ३१ डिसेंबर २०१८ ची मुदत दिली होती.

ती मुदत संपायच्या आधीच पुण्यानं या चोरीचं सगळ्यात भयंकर रूप पाहिलं. ११ ऑगस्ट २०१८ ला कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरलेल्या टोळीनं नकली कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले. कोल्हापुरातल्या एटीएममधूनही पैसे निघाले. दोन दिवसांनी परदेशी पैसे पाठवायच्या स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगच्या एका खात्यात आणखी पैसे गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर. एटीएमनं विचारायचं, "पैसे देऊ का?" आणि बँकेच्या खऱ्या यंत्रणेऐवजी चोरांनी बसवलेल्या यंत्रणेनं "दे" म्हणायचं, अशी ती योजना होती. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नाही, तोटा बँकेनं सोसला. हे उदाहरण मी मुद्दाम देते. ज्यांच्या नावाची नकली कार्डं जगभर फिरली, त्यांच्यापैकी कुणी पिन सांगितला होता?

दुसरं उदाहरण गुवाहाटीचं. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या एका ग्राहकानं ऑनलाइन घेतलेला कपडा परत करायचं ठरवलं. कंपनीचा माणूस म्हणून एकाचा फोन आला, त्याच्या सांगण्यावरून ॲप उतरवलं आणि खात्यातून ९४,२०४ रुपये गेले. ग्राहकानं चोवीस तासांच्या आत बँकेला कळवलं. स्टेट बँकेचं म्हणणं, चूक तुमची. गुवाहाटी उच्च न्यायालयानं बँकेला जबाबदार धरलं. बँक सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ३ जानेवारी २०२५ ला तिथेही हरली. असे व्यवहार ओळखून थांबवण्यासाठी लागणारं उत्तम तंत्रज्ञान बँकेकडे आहे, तिनं दक्ष राहायला हवं, असं न्यायालयानं बजावलं. ओटीपी कुणाला देऊ नका, हेही ग्राहकांना सांगितलं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. त्याचबरोबर ९४ हजारांसाठी एका माणसाला दिल्लीपर्यंत तीन वर्षं झगडावं लागलं, याचा संतापही येतो. परिपत्रकातली ती एक ओळ शाखेतच पाळली गेली असती, तर हा खटला उभाच राहिला नसता.

चिपनं नकली कार्डाला आळा घातला, तसा चोरांचा मोर्चा माणसाकडे वळला. केंद्रीय गृह मंत्रालयानं संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांचे २०२३ मध्ये ७,४६५ कोटी आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी रुपये गेले. एका वर्षात तिप्पट. आता कार्डापेक्षा आपलं नाव, आधार आणि पॅन चोराला जास्त कामाचं झालंय.

माझे मामा कराडला असतात, एसटीतून निवृत्त झालेत. २०२३ साली त्यांना वसुलीवाल्याचा फोन आला, "हप्ता थकलाय." मामांनी आयुष्यात एकच कर्ज काढलं, घराचं, तेही मुदतीआधी फेडलं. क्रेडिट रिपोर्ट काढला तर त्यांच्या पॅनवर २२,००० रुपयांचं ॲपवरचं कर्ज. नाव मामांचं, मोबाइल नंबर आणि पत्ता भलत्याच राज्यातला. तक्रार केल्यावर त्यांनाही ठरलेला प्रश्न आला, "कागद कुणाला दिले होते?" मामांनी वहीत यादी केली. सिमकार्ड, गॅस, बँकेची केवायसी, नातवाचा शाळाप्रवेश, यात्रेतला लॉज. अकरा ठिकाणं झाली. त्यातला एकही कागद त्यांनी हौसेनं दिला नव्हता. प्रत्येक ठिकाणी तो मागितलेला होता, आणि दिल्यावाचून काम होणार नव्हतं.

तहसील कचेरीसमोरच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात मशीनखालचा खोका बघा. काळपट आलेल्या, तिरक्या आलेल्या बाद प्रती त्यात पडलेल्या असतात. कुणाचं आधार, कुणाचं पॅन, कुणाचं पासबुकाचं पहिलं पान. दुकानदाराचा त्यात काही वाईट हेतू नसतो. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयानं आधारच्या प्रती सरसकट देऊ नका, असं जाहीर केलं आणि दोन दिवसांत ती सूचना मागे घेतली गेली. कागद मागण्याची सवय मात्र कुणी मागे घेतली नाही.

मामांचं नाव साफ व्हायला चार महिने लागले. आज ते त्यांच्या वेळेपेक्षा थोडं सोपं आहे. २६ एप्रिल २०२४ पासून क्रेडिट रिपोर्टमधल्या चुकीची तक्रार तीस दिवसांत सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. चारही क्रेडिट कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा आहे. तो मागवा. दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीचा मागवला तर वर्षभर पहारा राहतो. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघा. आधारचे बोटांचे ठसे लॉक करून ठेवा, कारण आधारवरून पैसे काढताना ओटीपी लागत नाही, ठसा पुरतो. प्रत द्यावीच लागली तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं आधार द्या आणि प्रतीवर आडवं लिहा : कशासाठी, कुणाला, तारीख. कार्डाचा ऑनलाइन आणि परदेशी वापर ॲपमधून बंद ठेवता येतो, लागेल तेव्हाच सुरू करा. पैसे गेलेच, तर आधी बँक आणि लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. या नंबरवर लवकर फोन गेला, तर पुढच्या खात्यात पोचलेले पैसे तिथेच गोठवता येतात.

एवढं सांगितलं तरी हे सगळं पुन्हा आपणच करायचं, हे मला सलतं. १ एप्रिलच्या निर्देशांनी "कुरकुर न करता" असं लिहिलंय. ते खरं व्हायचं असेल तर बदल काउंटरवर व्हायला हवा. रडवेल्या चेहऱ्यानं आलेल्या माणसाला पहिला प्रश्न असा विचारा, "तुम्हाला किती वाजता कळलं?" या प्रश्नात मुदत मोजली जाते, पैसे अडवायचं काम सुरू होतं आणि समोरच्याला चोर ठरवलं जात नाही.

१२.१४ ची ती चिठ्ठी अजून माझ्या फाइलमध्ये आहे. त्या कागदावरची छपाई टिकत नाही. आता चिठ्ठी पुरती कोरी झालीय. तिची झेरॉक्स तेव्हाच काढली म्हणून माझ्याजवळ पुरावा उरला. कायद्यानं तो माझ्याकडे मागायचाच नव्हता.