परसाचे कुंपण आणि माच

घरामागे थोडी जागा असली, की तिला आपण परस म्हणतो. तिथे अळू असते, वांगी-मिरची असते, शेवग्याचे झाड असते, कोंबड्यांचे खुराडे असते. कुंपण धड असेल, तर हे सारे घराच्या उपयोगी पडते. कुंपण पडले, तर शेजारची शेळी तीन महिन्यांची मेहनत एका दुपारी खाऊन जाते. भाजी गेली ती गेलीच, वर शेजाऱ्याशी तंटा होतो. तो म्हणतो, "शेळीला काय कळतं? तुमचं कुंपण कुठं आहे?" यावर आपल्यापाशी उत्तर नसते.

म्हणून कुंपण कसे घालावे आणि कसे राखावे, ते आज पाहू.

खांब कोठे कुजतो?

एखादा जुना खांब उपटून पाहा. वरचे लाकूड चांगले असते. अगदी खालचे टोकही पुष्कळदा बरे असते. कुजलेला भाग असतो तो जमिनीच्या काठाशी, म्हणजे मातीच्या पातळीपासून वीतभर खालपर्यंत. असे का होते?

लाकूड कुजवते ती बुरशी. बुरशीला दोन गोष्टी लागतात, ओल आणि हवा. खांबाचा वरचा भाग उन्हावाऱ्यात कोरडा राहतो. तिथे हवा आहे, पण ओल नाही. खोल मातीत ओल आहे, पण हवा कमी. जमिनीच्या काठाशी मात्र दोन्ही मिळतात. तिथेच बुरशीचे फावते. सदा पाण्यात बुडालेले लाकूड उशिरा कुजते, त्याचेही कारण हेच. त्याला हवा मिळत नाही.

दुसरा शत्रू वाळवी. तीही जमिनीतूनच येते. उघड्यावर ती चालत नाही. मातीच्या नळ्या बांधते आणि त्यांच्या आतून वर चढते. खांबावर अशी नळी दिसली, की समजावे, आत खाणे सुरू झाले आहे.

आपल्या जुन्या सुतारांना हे ठाऊक होते. जुना वाडा पाहा. लाकडी खांब मातीत पुरलेला नसतो. तो दगडी तळखड्यावर उभा असतो. लाकडाला ओल लागू नये आणि वाळवीची वाट अडावी, यासाठी तो दगड. एवढे एक तत्त्व ध्यानात ठेवा : खांबाचा पाय कोरडा, तर खांब खडा.

ऊन काय करते?

आपल्याकडे उन्हाळा कडक. नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. असल्या उन्हात लाकूड सुकते आणि आकसते. फळी रुंदीला आकसते, लांबीला जवळजवळ नाही. मग तिला चिरा पडतात, खिळे ढिले होतात. पुढे पाऊस आला, की त्याच चिरांतून पाणी आत शिरते. म्हणजे उन्हाने दार उघडायचे आणि पावसाने आत यायचे, असा हा प्रकार आहे.

लोखंडाचे उलट आहे. ते उन्हात लांबते आणि थंडीत आखडते. थंडीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत शंभर फूट तार सुमारे अर्धा इंच लांबते. भर उन्हात तार ताणून बांधली, तर थंडीत ती आखडून कोपऱ्याचे खांब ओढते. म्हणून तार सकाळच्या वेळी ताणावी आणि कोपऱ्याच्या खांबांना आतून तिरपा टेकू द्यावा.

काळी जमीनही अशीच. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात नुसता पुरलेला खांब दोन-तीन वर्षांत कलतो.

लाकूड कोणते घ्यावे?

ओंडका कापला, की दोन रंग दिसतात. बाहेरचा फिका भाग आणि आतला गडद गाभा. टिकतो तो गाभा. बाहेरचा भाग किड्यांना आवडतो. सागाचा गाभा उत्तम. जुन्या बाभळीचा तांबूस गाभाही चांगला. कडुनिंबही चालतो. निलगिरी आणि सुबाभूळ यांची कोवळी वासे स्वस्त मिळतात, पण मातीत पुरली तर वाळवी ती लवकर खाते.

सागाचे झाड आपल्या शेतातले असले, तरी तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. बांबूचे मात्र तसे नाही. २०१७ साली वनकायदा बदलला. तेव्हापासून जंगलाबाहेर, आपल्या जमिनीत वाढलेला बांबू कायद्याने झाड मानला जात नाही.

बांबू तोडावा तो पावसाळा सरल्यावर, थंडीत. निदान तीन वर्षांचा, पिकलेला असावा. महिनाभर वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावा. भुंगेऱ्याला आवडणारा अंश पाण्यात निघून जातो. मग सावलीत उभा करून वाळवावा. उन्हात टाकला तर तडकतो. एवढे करूनही बांबू उघड्या मातीत पुरू नये. तिथे तो एक ते तीन वर्षांत जातो. खांब दुसऱ्या कशाचा करावा, आणि बांबूच्या कांबी आडव्या बांधाव्या.

खांब कसा पुरावा?

आधी हद्द पक्की करा. दोरी लावताना शेजाऱ्याला बोलवा. दोघांच्या देखत खुंट्या ठोका. वाद असेल, तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज द्या. हद्दीचा वाद मोजणीने मिटवावा, कुऱ्हाडीने नव्हे.

मग खड्डा खणा. पाच-सहा फूट उंचीच्या कुंपणाला खांब दोन फूट तरी जमिनीत हवा. खड्डा त्याहून चार बोटे खोल घ्या आणि तळाशी खडी टाका. खालचे पाणी खडीतून निघून जाते. खांबाचा पुरायचा भाग चांगला वाळवा. मग त्याला डांबराचे दोन हात द्या. डांबर जमिनीच्या वर वीतभर यायला हवे, कारण खरा धोका काठाशी आहे. लाकूड ओले असताना डांबर लावू नका. ओल आतच कोंडते आणि लाकूड आतून कुजते.

खड्डा काळ्या मातीने न भरता मुरमाने भरा. वीतभर मुरूम टाकावा, पहारीने चोपावा, पुन्हा टाकावा. शेवटी खांबाभोवती मुरमाचा उंचवटा करा. पाणी खांबापाशी न साचता बाहेर वाहिले पाहिजे.

पुष्कळजण विचारतात, "सिमेंट ओतलं तर पक्कं होणार नाही का?" होते, पण एक अडचण आहे. उन्हाने लाकूड आकसते आणि खांब व सिमेंट यांच्यामध्ये फट पडते. त्या फटीत पाणी साचते. सिमेंट वापरायचे असेल, तर त्याचा माथा जमिनीच्या वर आणि बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा. फट दिसली की डांबराने बुजवा.

गाडीचे जळके तेल खांबाला फासू नका. ते मातीत उतरते. त्याच मातीतली भाजी आपण खातो आणि तिथलेच पाणी विहिरीला जाते. वाळवीचे विषारी औषधही भाजीच्या वाफ्याजवळ ओतू नका.

हिरवे कुंपण

ज्याला लाकूड परवडत नाही, त्याने हिरवे कुंपण लावावे. मेंदी, अडुळसा, निर्गुडी, करवंद, सागरगोटा यांचे कुंपण दाट होते. एकदा मुळे धरली, की त्याला वाळवीची फारशी भीती नाही. वर्षातून दोनदा छाटले म्हणजे झाले. पण दोन झाडांविषयी सावध राहा. शेराचा चीक डोळ्यांत गेला, तर डोळ्याला मोठी इजा होते. मोगली एरंडाच्या बिया विषारी असतात. मुले शेंगदाण्यासारख्या समजून खातात आणि दवाखाना गाठावा लागतो. लहान मुले असतील त्या घराने ही झाडे लावू नयेत.

परसातला माच

पाण्याचे हंडे ठेवायला, पापड वाळवायला, संध्याकाळी बसायला परसात फळ्यांचा माच करतात. त्यालाही तोच नियम. माचाचे पाय मातीत पुरू नका. प्रत्येक पायाखाली सपाट दगड ठेवा. दगड जमिनीवर चार बोटे वर असावा. खालून वारा खेळला पाहिजे.

फळ्या एकमेकींना चिकटवून ठोकू नका. दोन वाळलेल्या फळ्यांमध्ये करंगळी जाईल एवढी फट ठेवा. पावसात फळी फुगते, तेव्हा तिला जागा लागते. पाणीही फटीतून खाली जाते. खिळा मारण्यापूर्वी गिरमिटाने भोक पाडा. वाळलेल्या कठीण लाकडात सरळ खिळा मारला, तर फळी फाटते. खिळे व स्क्रू जस्ताचा मुलामा दिलेले घ्या.

फळ्यांना जवसाचे तेल देतात, ते चांगले. पण तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापते आणि उन्हाळ्यात असा ढीग आपोआप पेटू शकतो. चिंध्या पाण्यात भिजवाव्या किंवा एकेक पसरून उघड्यावर वाळवाव्या.

दुरुस्ती केव्हा, कशी?

वर्षातून दोनदा कुंपणाभोवती फिरा. एकदा मृगाच्या आधी, एकदा दिवाळीनंतर. हातात एक टोकदार खिळा घ्या. प्रत्येक खांबापाशी चार बोटे माती उकरा आणि खिळा टोचा. लाकूड कठीण लागले तर ठीक. खिळा लोण्यात गेल्यासारखा आत गेला, तर खांब गेला समजा. वाळवीच्या नळ्या मोडा. तारा आवळा. ढिला खिळा काढून जागा बदलून मारा. खणण्याचे काम सकाळी उरका. मेच्या दुपारी पहार हातात घेऊ नका. उष्माघाताने माणूस दगावतो.

कुजलेला खांब सगळा फेकायचे कारण नाही. कुजका भाग कापा. शेजारी साडेतीन-चार फुटांचा दगडी किंवा सिमेंटचा खुंट दोन फूट पुरा. जुना खांब त्याला दोन नट-बोल्टांनी बांधा. खांबाचे टोक जमिनीच्या चार बोटे वर राहू द्या. झाला त्याचा तळखडा!

कुंपणात वीज नको

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. रानडुक्कर येते, चोर येतो, म्हणून काहीजण कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडतात. असे कधीही करू नका. तार माणूस ओळखत नाही. चेंडू शोधायला आलेले पोर, सरपणाला निघालेली बाई, रात्री बाहेर पडलेला आपलाच भाऊ, कोणीही तिला हात लावतो. अशा तारेने माणसे मेली आहेत आणि तार लावणारे तुरुंगात गेले आहेत. हा कायद्याने गुन्हा आहे. विजेची वायर लोखंडी कुंपणावरून नेऊ नका. कपड्यांची तार कुंपणाला बांधलेली असेल, तर तिच्याजवळूनही वायर नेऊ नका.

कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची, असे आपण म्हणतो. मग कुंपणानेच माणूस खाल्ला तर?

चांगले कुंपण भाजी राखते आणि शेजारही राखते. उद्या सकाळी ऊन चढण्यापूर्वी एक खिळा घेऊन परसात जा. पहिल्या खांबापाशी माती उकरा, टोचून पाहा. मग दुसऱ्या खांबाकडे वळा.