शिरेला चिकटलेली गाठ

डोळे पिवळे झाले की म्हसवडसारख्या गावात आधी काविळीचं झाडपाल्याचं औषध शोधलं जातं. पण न दुखता वाढत जाणारी कावीळ, अंगाला खाज आणि पांढरट शौच असेल, तर स्वादुपिंडाच्या डोक्यातली कर्करोगाची गाठ पित्तनळी दाबत असू शकते. सोनोग्राफीवर न थांबता सीटी स्कॅन करून घ्यावा.

स्वादुपिंडाला खेटूनच पोर्टल शीर जाते, आतड्यांचं रक्त यकृताकडे नेणारी. गाठ तिला चिकटली की पूर्वी बहुतेक सर्जन हात टेकत. आता गाठीबरोबर शिरेचा तेवढा भाग कापून टोकं पुन्हा जोडतात. अंतर जास्त असेल, तर रुग्णाचीच दुसरी शीर किंवा कृत्रिम नळी मध्ये बसवतात. गाठीने शिरेचा अर्ध्याहून जास्त घेर धरला असेल, तर बहुधा आधी केमोथेरपी, मग पुन्हा स्कॅन. शेजारच्या मोठ्या धमनीलाच विळखा असेल, तर मात्र काम फार कठीण.

निदानाच्या वेळी पाचातल्या जेमतेम एका रुग्णावर शस्त्रक्रिया शक्य असते. गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचं 17 मार्च 2019 रोजी स्वादुपिंडाच्या याच कर्करोगाने निधन झालं.

गाठ काढण्याची व्हिपल नावाची ही शस्त्रक्रिया कित्येक तास चालते. शीर जोडायची असेल, तर रक्तस्राव आणि शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून जवळचं हॉस्पिटल सोयीचं, हा हिशेब इथे चुकीचा वाटतो. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या, अशा शस्त्रक्रिया सतत होणाऱ्या ठिकाणी निदान स्कॅन तरी दाखवावा. तिथे सर्जनला थेट विचारावं: वर्षाला अशा किती करता, आणि त्यांत शीर जोडलेल्या किती?