पात्राची किंमत

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत आला. टेबलाभोवती बसायचे, प्रत्येकाने एक पात्र व्हायचे आणि मिळून गोष्ट पुढे न्यायची, असा हा खेळ. बळ, चपळाई, बुद्धी अशा सहा क्षमता तेव्हा तीन-तीन फासे टाकून ठरत. सटवाईने कपाळी लिहावे तशा. २०१४च्या नियमांत क्षमता विकतही घेता येतात. हाती २७ अंक, प्रत्येक क्षमता ८पासून सुरू. १३पर्यंत पायरीला एक अंक, पुढच्या दोन पायऱ्यांना दोन-दोन. तीन क्षमता १५वर नेल्या की थैली रिकामी. उरलेल्या तीन ८वरच.

हिशेब चोख, पण समतोल एवढ्याने साधत नाही. जुन्या नियमांत नवख्या मांत्रिकाला दिवसाला एकच मंत्र. तो संपला की योद्ध्याच्या आड लपायचे. जगलावाचला तर पुढे योद्धाच त्याच्यासमोर फिका. कागदावर फिटंफाट; टेबलाशी मात्र आधी एक जण नुसता बसून, नंतर दुसरा. २००८च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्यांच्या शक्ती एकाच साच्यात घातल्या, तर पात्रे सारखीच वाटतात अशी ओरड झाली.

करी रोडच्या कबड्डीवेड्या वस्तीत राहत असल्याने मला इथे ‘अव्वल पकड’ आठवते. मैदानात तीन किंवा कमी गडी उरले असताना चढाईपटू पकडला, तर एक गुण जादा. त्याने संघ तुल्यबळ होत नाहीत. उरलेल्या तिघांना खेळण्याजोगे काही राहते. माझ्या चोराचे बळ आठच आहे. पण कुलूपबंद दार आले की सगळे त्याच्याकडे वळतात.