ढील

लग्नसराईत अंधेरीच्या लिंक रोडवर रात्री नऊला वरात हमखास अडकते. पुढे बेंजो, मागे बेस्टची बस, मधे पांढरी घोडी. सगळे नवरदेवाकडे बघतात, मी घोडीच्या कानांकडे. एक कान बेंजोकडे, दुसरा दोर धरणाऱ्याकडे. घाबरलेली असती तर दोन्ही कान टवकारून ती मागे सरली असती.

घोडा हे मुळात पळून जीव वाचवणारं जनावर. त्याला असल्या गदारोळात उभं कसं करतात?

महाराष्ट्रात रानघोडे नाहीत. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे धनगरांच्या वाड्याबरोबर, बिऱ्हाड वाहणाऱ्या आईच्या मागे मोकळं वाढलेलं भीमथडी शिंगरू. नाहीतर दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या बाजारात घेतलेलं एखादं बुजरं. त्याला माणसाळवायचं तर पहिला धडा माणसानेच शिकायचा: कुठून जायचं. घोड्याचे डोळे बाजूला असतात. जवळजवळ चौफेर दिसतं, पण कपाळासमोरचं आणि शेपटामागचं दिसत नाही. म्हणून समोरून डोळ्यात डोळे घालून जायचं नाही. खांद्याच्या रोखाने, तिरकं, रमतगमत जायचं. त्याने मान वर केली की थांबायचं. मान खाली आली की आपण दोन पावलं मागे.

हे मागे जाणंच नवख्याला जमत नाही. आलोच आहोत जवळ तर हात लावून घेऊ, असं वाटतं आणि तिथेच घोडं पेंड खातं. शिंगरू शिकतं ते दाब पडताना नव्हे, दाब सुटताना. पतंग उडवणाऱ्याला ढील कळते, तशीच ही.

पहिला हात तोंडावर ठेवू नये. आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर खाजवावं. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात आणि त्याने त्यांच्या काळजाचे ठोके मंदावतात. मग मोरखी. दोर हलकेच ताणून धरायचा, ओढायचा नाही. शिंगराने अर्धं पाऊल पुढे टाकलं की त्याच क्षणी सैल. पाठीवर माशी बसली तरी ज्याची कातडी थरथरते, त्याला हिसका कशाला हवा?

खूर उचलणं याच हिशेबात बसतं. खांद्यापासून हात खाली सरकवत न्यायचा, पायावरचा भार क्षणभर हलला की सोडून द्यायचं. नालबंद येण्याआधी हे महिनाभर चालावं. आणि सगळं दोन्ही बाजूंनी, कारण डावीकडून ओळखीची झालेली छत्री उजवीकडून दिसली की ते पुन्हा बुजू शकतं. पाठीवर बसायची घाई तर नकोच. तिसऱ्या वर्षाआधी खोगीर घालू नये. पाठीची हाडं त्यानंतरही भरत असतात.

आता ढोलताशे. अडाणी पद्धत अशी की खांबाला बांधायचं आणि कानाशी बडवायचं. जनावर गप्प होतं खरं, पण ते शांत झालेलं नसतं, हरलेलं असतं: ओठ घट्ट, शेपूट दाबलेली, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय. असं घोडं एखाद्या रात्री सुतळी बॉम्बला उधळतं आणि दोष त्याच्यावर येतो. शहाणी पद्धत लांबची. मैदानाच्या टोकाला ढोल, इकडे चंदीची पाटी, शेजारी वरातींना सरावलेली म्हातारी घोडी. ती रवंथ केल्यासारखी चावत राहिली की शिंगराचीही भीती उतरते. ढोल रोज थोडा जवळ आणायचा. शिंगराने खाणं थांबवलं तर आज इतकंच, उद्या पुन्हा मागून सुरुवात.

जुन्या पागेत या कामाच्या माणसाला चाबूकस्वार म्हणत. नाव चाबकाचं असलं, तरी कसब सैल सोडण्याचं.

परवा मुलुंडला एका वरातीत फटाक्यांची माळ लागली. घोडी दचकली, अंगभर शहारली. दोर धरणाऱ्याने ओढलं नाही. मनगट खाली सोडलं, दोराला झोळ पडला. घोडीने जीभ फिरवत दोनदा चावल्यासारखं केलं आणि मागचा एक पाय ढिला टाकून उभी राहिली.