लाल गणवेश आणि विजयाचे श्रेय

खेळाडूंच्या गणवेशाचा रंग विजयास हातभार लावतो काय? हा प्रश्न वरवर गमतीचा वाटला, तरी संशोधकांनी त्याचा गांभीर्याने विचार केला आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधील पुरुषांच्या मुष्टियुद्ध, तायक्वांदो व कुस्ती या स्पर्धांत खेळाडूंना लाल किंवा निळा रंग सोडतीसारख्या पद्धतीने मिळत असे. इंग्लंडमधील हिल व बार्टन या संशोधकांना २००५ मध्ये असे आढळले की, सुमारे ५५ टक्के लढती लाल रंगाच्या खेळाडूंनी जिंकल्या. मात्र पुढे अनेक ऑलिंपिक स्पर्धांची एकत्र पडताळणी झाली, तेव्हा हा कल टिकला नाही. शिवाय ती आकडेवारी एकेकट्या पुरुष खेळाडूंची. महिलांच्या सांघिक खेळास ती जशीच्या तशी लावणे योग्य नव्हे.

याबाबत आपल्या बंगळुरूचेच उदाहरण बोलके आहे. महिला प्रीमियर लीगच्या २०२३ मधील लिलावात सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनासाठी बंगळुरूच्या संघाने ३.४० कोटी रुपये मोजले. ती त्या लिलावातील सर्वाधिक बोली होती. गणवेश लालच होता. तरीही संघ पहिले पाचही सामने हरला आणि आठपैकी केवळ दोन जिंकू शकला.

पुढच्याच वर्षी, १७ मार्च २०२४ रोजी, स्मृतीच्याच नेतृत्वाखाली व लाल गणवेशातच हा संघ विजेता ठरला. दिल्लीतील अंतिम सामन्यात यजमान संघाची सलामी बिनबाद ६४ पर्यंत पोहोचली होती. सोफी मोलिन्यूने एकाच षटकात तीन गडी बाद केले, श्रेयांका पाटीलने १२ धावांत चार बळी घेतले आणि दिल्लीचा डाव ११३ धावांत आटोपला. एलिस पेरी ३५ धावांवर नाबाद राहिली व बंगळुरूने आठ गडी राखून विजय मिळविला.

रंग तोच, निकाल मात्र भिन्न! जो घटक दोन्ही वर्षी सारखाच राहिला, त्याच्याकडे निकालातील फरकाचे श्रेय जाऊ शकत नाही. गणवेश संघभावना जागवतो, धावपळीत सहकारी चटकन ओळखू येतो, प्रेक्षकांना आपलेपणा वाटतो. हे त्याचे कार्य निश्चितच मोलाचे आहे. परंतु मुलींच्या परिश्रमांचे फळ रंगाच्या खाती जमा करणे, ही हिशेबातील चूकच ठरेल.