एआय सहायकासाठीची टिपणं: सहा गैरसमज

कोड लिहून देणाऱ्या एआय सहायकाला नव्या सेशनमध्ये कालचं संभाषण आपोआप आठवत नाही. म्हणून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच टिपणांची एक साधी फाईल ठेवण्याची पद्धत रुळली आहे. क्लॉड कोड ‘क्लॉड डॉट एमडी’ वाचतो, जेमिनी सीएलआय ‘जेमिनी डॉट एमडी’, तर कोडेक्ससह बरीच साधनं ‘एजंट्स डॉट एमडी’. फाईल करणं सोपं आहे. तिच्याकडून भलत्या अपेक्षा ठेवल्या की घोळ होतो.

गैरसमज: टिपणं वाचून मॉडेल आपला प्रोजेक्ट शिकतं.
वस्तुस्थिती: मॉडेलमध्ये काहीही बदलत नाही. सेशन सुरू होताना फाईलचा मजकूर संभाषणाला जोडला जातो, इतकंच. पुढच्या सेशनला तोच मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचला जातो. काही साधनं स्वतःहूनही टिपणं काढतात, पण तीही अशीच परत वाचून घ्यावी लागतात. त्यामुळे चॅटमध्ये दिलेली सूचना कायम लागू राहायला हवी असेल, तर ती फाईलमध्ये उतरवावी लागते.

गैरसमज: जितकं जास्त लिहू तितकं चांगलं.
वस्तुस्थिती: मॉडेल एका वेळी किती मजकूर विचारात घेऊ शकतं, याला मर्यादा असते. टिपणं, उघडलेल्या फाईली आणि संभाषण या सगळ्यांना त्याच जागेत बसावं लागतं. शिवाय पसाऱ्यात महत्त्वाची सूचना हरवते. क्लॉड कोडच्या मार्गदर्शिकेत एक फाईल २०० ओळींच्या आत ठेवण्याचा सल्ला आहे. एखाद्याच भागापुरते नियम असतील, तर ते त्या सबफोल्डरमध्ये वेगळे ठेवता येतात.

गैरसमज: ‘कोड स्वच्छ आणि दर्जेदार लिहा’ असं बजावलं की झालं.
वस्तुस्थिती: अशा उपदेशातून नेमकं काय करायचं ते कळत नाही. बिलं बनवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी या तीन ओळी पाहा:

- रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून साठवा. रुपये फक्त स्क्रीनवर दाखवताना करा.
- बिल नंबरची मालिका दर १ एप्रिलला नव्याने सुरू होते.
- रद्द झालेलं बिल डिलीट करू नका. फक्त त्याचं स्टेटस बदला.

जीएसटीच्या नियमांनुसार बिलाचे क्रमांक सलग असावे लागतात आणि एका आर्थिक वर्षात एकच क्रमांक दोनदा वापरता येत नाही. शेवटच्या दोन ओळींमागचं हे कारण कोड वाचून सहायकाला उमगेलच असं नाही. ते अर्ध्या ओळीत लिहिलं, तर नियमात न बसणाऱ्या प्रसंगीही त्याला अंदाज बांधता येतो.

गैरसमज: फाईलमध्ये ‘कधीही करू नका’ लिहिलं म्हणजे ते होणारच नाही.
वस्तुस्थिती: टिपण ही सूचना आहे, कुलूप नव्हे. बहुतेक वेळा ती पाळली जाते, पण सेशन लांबलं किंवा दोन सूचना एकमेकींच्या आड आल्या की एखादी सुटू शकते. मुख्य ब्रँचवर थेट पुश नको असेल, तर गिटच्या सर्व्हरवरच बंदी घाला. लाइव्ह डेटाबेसला हात लागू नये असं वाटत असेल, तर त्याचा पासवर्ड सहायकाच्या हाती पडूच देऊ नका. कोडची मांडणी तपासायला लिंटर आहेच.

गैरसमज: फाईल आपल्यापुरतीच असते, तिच्यात काहीही लिहिलेलं चालतं.
वस्तुस्थिती: ती सहसा गिटमध्ये जाते, म्हणजे टीममधले सगळे ती वाचतात. मॉडेल क्लाउडवर चालत असेल, तर तिचा मजकूर ते चालवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरही जातो. पासवर्ड किंवा एपीआय की तिच्यात नकोच.

गैरसमज: एकदा लिहिली की काम संपलं.
वस्तुस्थिती: क्लॉड कोडमध्ये ‘इनिट’ ही कमांड दिली की पहिला खर्डा तयार मिळतो. पण कोडमध्ये जे दिसतं तेच प्रामुख्याने त्यात येतं. टीमने तोंडी ठरवलेलं येत नाही. शिवाय जुनी माहिती नसलेल्या माहितीपेक्षा जास्त नडते. टेस्ट चालवायची कमांड बदलली आणि फाईलमध्ये जुनीच राहिली, तर सहायक आधी तीच चालवून पाहणार. म्हणून कमांड बदलणाऱ्या कमिटमध्येच टिपणाची ओळही बदला. सहायकाची तीच चूक दुसऱ्यांदा दिसली तर ओळ वाढवा, आणि जी काढल्याने काही बिघडत नाही ती बिनदिक्कत खोडा.