दोन दिवस घरून, राजीनामे कमी

शांघायच्या ट्रिप डॉट कॉम कंपनीने 2021-22 मध्ये 1,612 कर्मचाऱ्यांवर सहा महिने प्रयोग केला. विषम तारखेला जन्मलेल्यांना बुधवारी-शुक्रवारी घरून कामाची मुभा. सम तारखेवाल्यांना पाचही दिवस ऑफिस. मुभा मिळालेल्यांचं नोकरीतलं समाधान वाढलं, राजीनामे एक तृतीयांशाने घटले. महिला आणि लांबून येणाऱ्यांमध्ये ही घट ठळक होती.

आणि काम? प्रोग्रामरांच्या कोडच्या ओळी तेवढ्याच भरल्या. पुढच्या दोन वर्षांच्या मूल्यमापनात, बढत्यांत फरक दिसला नाही. आधी साशंक असलेल्या मॅनेजरांचंही मत बदललं. 2024 मध्ये हे निष्कर्ष ‘नेचर’मध्ये आले.

म्हणूनच पुण्याच्या हिंजवडी आयटी पार्ककडे जाताना वाहतूक कोंडीत रोज तास घालवणाऱ्यांना आठवड्यातले दोन दिवस तरी ही सवलत कंपन्यांनी द्यायलाच हवी.